लिलावातील खेळाडू आणि गावाकडचा चाहता : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात पुणेरी पलटणचा विचार

बीजसंज्ञा : कबड्डी, प्रो कबड्डी लीग, खेळाडूंचा लिलाव, चाहतावर्ग, महत्त्वाकांक्षा, महाविद्यालयीन क्रीडा

प्रस्तावना :

क्रीडासंघाच्या चाहत्याचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. एक, प्रत्यक्ष सामन्यांचे दिवस आणि दुसरा, सामने नसतानाचे दिवस. यातील दुसऱ्या काळात चर्चा अधिक रंगते. संघाने नवा खेळाडू कोणता घेतला, कोणाला सोडले, घेतलेल्याची किंमत योग्य की अवाजवी, गेलेला खेळाडू पैशासाठी गेला की त्याला संघानेच नाकारले, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यात चाहत्यांचा हा काळ जातो. युरोपातील फुटबॉल क्लबांभोवती अशी चर्चा पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या पेठांमध्ये पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ यांच्या फुटबॉल संघांविषयी ती तितक्याच हिरिरीने होते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत मात्र या चर्चेचा विषय फुटबॉल नसून कबड्डी हा आहे आणि तिच्या केंद्रस्थानी ‘पुणेरी पलटण’ हा संघ आहे.

प्रस्तुत लेखात तीन बाबींचे विवेचन केले आहे. प्रो कबड्डी लीगमधील खेळाडूंच्या लिलावाची कार्यपद्धती कशी आहे, ती पाहता खेळाडूच्या ‘निष्ठे’विषयी चाहत्यांमध्ये रूढ असलेली समजूत कितपत टिकते, आणि ग्रामीण भागातील खेळाडूची महत्त्वाकांक्षा प्रत्यक्षात कोणत्या मार्गांनी वाटचाल करते. हे मार्ग महाविद्यालयाच्या आवारातून जातात. त्यामुळे हा विषय केवळ रंजनाचा राहत नाही, तो अध्यापकांच्याही विचाराचा ठरतो.

१. शिरूर-दौंड परिसर आणि कबड्डी :

घोड नदीच्या काठी वसलेले शिरूर, म्हणजे जुन्या लोकांच्या बोलीतील घोडनदी, हे पुणे-नगर मार्गावरील बाजारपेठेचे गाव. भीमेच्या काठी असलेले दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन; मनमाड, सोलापूर आणि बारामतीकडे जाणारे लोहमार्ग येथून फुटतात. राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ व ७ दौंड येथेच आहेत. रांजणगाव व कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींनी या दोन्ही तालुक्यांत कारखान्यातील नोकरदारांचा एक नवा वर्ग निर्माण केला. शेती, रेल्वे, पोलीस आणि कारखाना या चार आधारांवर येथील तरुणांचे भविष्य उभे असते. पुढील विवेचनात ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात ‘हुतुतू’ या नावाने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला फारसे साहित्य लागत नाही. आखलेले मातीचे मैदान, दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू आणि दम एवढ्यावर सामना उभा राहतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले होते. १९९० साली बीजिंग येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा समावेश झाला. गावोगावी यात्रा, जयंती आणि गणेशोत्सव यांच्या निमित्ताने सामने भरतात. अशा सामन्यांसाठी शेजारच्या तालुक्यातून एखादा पट्टीचा चढाईपटू ‘बाहेरचा खेळाडू’ म्हणून आणण्याची प्रथाही जुनी आहे. त्याच्या जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि ठरलेले मानधन मंडळाने द्यायचे, आणि त्याच्या बळावर ढाल गावात आणायची, असा हा व्यवहार असतो. बाहेरचा खेळाडू घ्यावा की गावच्याच पोरांना खेळवावे, हा वादही तेवढाच जुना आहे. म्हणजेच नव्या खेळाडूच्या खरेदीवरील चर्चा दूरचित्रवाणीने या परिसरात आणली असे म्हणता येत नाही. ती येथे आधीपासून होती. दूरचित्रवाणीने तिचा आवाका आणि तिच्यातील आकडे वाढविले.

२. लिलावाची कार्यपद्धती :

प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी झाला. प्रारंभी आठ संघ होते. २०१७ पासून त्यांची संख्या बारा झाली. पुणेरी पलटण हा मूळच्या आठ संघांपैकी एक होय. या लीगमध्ये खेळाडू संघ निवडत नाही. संघ लिलावात बोली लावून खेळाडू निवडतो. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमार यांच्यावर लागली आणि ती १२.८० लाख रुपयांची होती. २०१८ साली मोनू गोयत यांच्यासाठी हरियाणा स्टीलर्सने १.५१ कोटी रुपये मोजले आणि त्या एका लिलावात सहा खेळाडूंनी कोटीचा टप्पा गाठला. २०२३ साली तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत यांना २.६०५ कोटी रुपयांना घेतले. नऊ वर्षांत सर्वोच्च बोली सुमारे वीस पटींनी वाढली.

ही वाढ पाहून चाहत्याला वाटते की, पैसा असेल तर कोणताही संघ कोणालाही घेऊ शकतो. वस्तुस्थिती तशी नाही. दहाव्या हंगामाच्या वेळी प्रत्येक संघाला खेळाडूंवर जास्तीत जास्त ५ कोटी रुपये खर्च करण्याची मर्यादा होती. त्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडूंचा ताफा उभा करावयाचा होता. खेळाडूंची अ, ब, क आणि ड अशी चार गटांत वर्गवारी केलेली होती आणि त्यांच्या पायाभूत किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख रुपये होत्या. याशिवाय दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली, जुन्या संघाला आपल्या खेळाडूवर लागलेल्या अंतिम बोलीची बरोबरी करून त्याला परत घेण्याची संधी असते. मात्र ती मर्यादित वेळाच वापरता येते. दुसरी, नवोदित युवा खेळाडूंना लिलावाबाहेर, तुलनेने कमी मानधनाच्या आणि एकाहून अधिक हंगामांच्या करारावर संघात घेता येते.

या मर्यादेचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलू याच्यासाठी २.३५ कोटी रुपये मोजले. ५ कोटींच्या मर्यादेतील ही रक्कम ४७ टक्के होते. उरलेल्या २.६५ कोटींत किमान १७ खेळाडू बसवावयाचे, म्हणजे सरासरी प्रत्येकी सुमारे १५.६ लाख रुपये. इतर खेळाडू स्वस्त असतील तरच एक खेळाडू इतका महाग घेता येतो. पुणेरी पलटणला हे शक्य झाले, कारण अस्लम इनामदार, मोहित गोयत यांच्यासारखे खेळाडू संघाने नवोदित असतानाच हेरले होते. चाहत्यांच्या चर्चेत महागड्या खेळाडूचे नाव येते. पण त्या खरेदीची वाट तयार करणारा स्वस्त खेळाडू बहुधा अनुल्लेखित राहतो.

३. पुणेरी पलटणचा अनुभव :

पहिल्या दोन हंगामांत पुणेरी पलटण गुणतालिकेत तळाशी राहिली. त्यानंतर संघाने नामवंतांना घेण्याचा मार्ग अवलंबिला. तिसऱ्या हंगामात मनजीत छिल्लर आले. २०१८ साली नितीन तोमर यांच्यासाठी १.१५ कोटी रुपये मोजले गेले. विजेतेपद मात्र हाती आले नाही. २०२१ च्या आठव्या हंगामात नवोदितांवर भिस्त ठेवण्यात आली आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार हे नाव पुढे आले. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांची सीमा त्या जिल्ह्याला भिडते. घोड आणि भीमा ओलांडली की नगरचा मुलूख सुरू होतो. त्यामुळे येथील प्रेक्षकाला अस्लम हा ‘लीगचा खेळाडू’ वाटण्याआधी शेजारचा मुलगा वाटला, हे स्वाभाविक होते.

नवव्या हंगामात इराणचा फजल अत्राचली १.३८ कोटी रुपयांना पुण्याकडे आला आणि कर्णधार झाला. त्या हंगामात संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. परंतु १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने तो सामना ३३-२९ असा जिंकला. पुढील लिलावात फजल १.६० कोटी रुपयांना गुजरात जायंट्सकडे गेला आणि त्याच्या जागी शादलू आला. दहाव्या हंगामात अस्लम कर्णधार होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पुणेरी पलटणने पहिले विजेतेपद मिळविले. अस्लम हंगामातील सर्वाधिक मूल्यवान खेळाडू ठरला, तर शादलूने ९९ पकड-गुणांसह सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान मिळविला.

यानंतर जे घडले ते चाहत्यांच्या चर्चेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे. विजेतेपदानंतर शादलूला संघाने कायम ठेवले नाही. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणा स्टीलर्सने त्याला २.०७ कोटी रुपयांना घेतले. अकराव्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे अस्लमला मध्येच थांबावे लागले आणि पुणेरी पलटणला बाद फेरी गाठता आली नाही. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्याच बालेवाडी क्रीडासंकुलात अंतिम सामना झाला; त्यात हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरविले. गतवर्षी पुण्यासाठी खेळलेला शादलू पुण्याच्या मैदानावर दुसऱ्या संघाचा विजेता म्हणून उभा होता. २०२५ साली तो २.२३ कोटी रुपयांना गुजरातकडे गेला. तीन वर्षांत तीन संघ. पुणेरी पलटण २०२५ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली. दबंग दिल्लीने तो सामना ३१-२८ असा जिंकला.

४. निष्ठेचा प्रश्न :

‘पैशासाठी गेला’ हा चाहत्यांच्या चर्चेतील सर्वांत जुना आक्षेप आहे. शादलूच्या उदाहरणावर तो लावून पाहिला तर तो टिकत नाही. तीन वर्षांच्या त्याच्या तीन बोली पाहिल्या तर २.३५, २.०७ आणि २.२३ कोटी असा क्रम दिसतो. पुण्याहून हरियाणाकडे जाताना रक्कम घटली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लिलावात एकदा नाव गेले की, खेळाडू ‘मला अमुक संघात जायचे आहे’ असे म्हणू शकत नाही. शेवटची बोली ज्याची, त्याचा तो खेळाडू. खेळाडूला कायम ठेवायचे की लिलावात सोडायचे, यात पुढाकार संघाचा असतो. ज्याला जाण्याचा निर्णय घेता येत नाही, त्याच्यावर सोडून गेल्याचा आरोप करणे तर्काला धरून नाही.

फुटबॉलमधील व्यवस्था याहून भिन्न आहे आणि तुलनेने हा मुद्दा स्पष्ट होतो. बेल्जियमचा खेळाडू जाँ-मार्क बॉसमन याच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने १५ डिसेंबर १९९५ रोजी निकाल दिला. करार संपल्यानंतर युरोपीय संघातील खेळाडूला दुसऱ्या सदस्य-देशातील क्लबकडे हस्तांतरण-शुल्काशिवाय जाता येईल, असे त्या निकालाने ठरले. तेव्हापासून फुटबॉलपटूची इच्छा ही व्यवहारातील एक खरी बाजू झाली. तेथील चाहता ‘त्याने आम्हाला नाकारले’ असे म्हणतो तेव्हा त्यात काही तथ्य असू शकते. लिलावाच्या व्यवस्थेत ते वाक्य उसने घेतलेले ठरते.

फुटबॉलच्या व्यवस्थेतील आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. एखादा खेळाडू करार चालू असताना आंतरराष्ट्रीय स्तरावर एका क्लबकडून दुसऱ्याकडे गेला, तर हस्तांतरण-शुल्काचा ५ टक्के भाग त्याला १२ ते २३ या वयात घडविणाऱ्या क्लबांमध्ये वाटण्याचा जागतिक महासंघाचा नियम आहे. कबड्डीच्या लिलावपद्धतीत घडविणाऱ्या संघाला असे स्थान नाही. ज्या मंडळाच्या मैदानावर मुलगा पहिली चढाई शिकला, ज्या शाळेच्या क्रीडाशिक्षकाने त्याला जिल्ह्याच्या निवड-चाचणीला नेले, त्यांच्या वाट्याला सत्काराचा नारळ आणि गावच्या वेशीवरील फलक येतो. निष्ठेचा हिशेब मांडायचाच असेल, तर ‘खेळाडू संघाशी एकनिष्ठ आहे काय’ या प्रश्नाबरोबर ‘व्यवस्था गावाशी एकनिष्ठ आहे काय’ हाही प्रश्न मांडावा लागेल.

संघाच्या निष्ठेविषयीही पुण्याचा अनुभव बोलका आहे. २००७ साली स्थापन झालेला पुणे एफसी हा फुटबॉल संघ २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसऱ्या स्थानी होता. २०१५ नंतर तो राहिला नाही. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. २०१४ साली फ्रान्सचा विश्वविजेता खेळाडू डेव्हिड त्रेझेगे याला आणणारा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. चार वर्षांच्या अवधीत एका शहराने चार संघ गमावले. त्या संघांचे चाहते कोठेही गेले नव्हते. याउलट कोल्हापूरच्या तालमींचे संघ दीर्घकाळ टिकून आहेत, कारण त्यांचा आधार एखादा गुंतवणूकदार नसून पेठ हा आहे. मालकीचा संघ आणि वस्तीचा संघ यांतील हा भेद चाहत्याने ओळखला, तर त्याच्या अपेक्षा अधिक वास्तव होतील.

५. महत्त्वाकांक्षेच्या दोन शिड्या :

खेळाडूच्या महत्त्वाकांक्षेविषयी बोलताना चाहते बहुधा विजेतेपद, कर्णधारपद आणि भारतीय संघ यांचा विचार करतात. हे सर्व खरेच आहे. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय पुरुष संघात पुणेरी पलटणचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे हे दोघे होते. परंतु शिरूर-दौंडसारख्या भागातील खेळाडूच्या घरात महत्त्वाकांक्षेचा पहिला अर्थ नोकरी हा असतो.

येथे दोन शिड्या दिसतात. पहिली शिडी लीगची. ती उंच आहे. पण तिच्या पायऱ्या थोड्या आहेत. बारा संघ आणि प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू, म्हणजे देशभरातून आणि परदेशातून मिळून ३०० जागा. हंगाम दोन-तीन महिन्यांचा. एका दुखापतीने सारे बदलते. २०२२ साली तमिळ थलैवाजने २.२६ कोटी रुपयांना घेतलेले पवन सेहरावत पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून त्या हंगामाला मुकले. अशा नामवंत खेळाडूला पुढचा लिलाव सावरतो. ड गटातील खेळाडूला तो सावरेलच असे नाही.

दुसरी शिडी नोकरीची. रेल्वे, सेनादल, पोलीस, बँका आणि सार्वजनिक उपक्रम यांनी अनेक दशके कबड्डीपटूंना पोसले. राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वे आणि सेनादलाचे संघ बलाढ्य असतात यामागे हेच कारण आहे. २०१८ साली हैदराबादच्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राने रिशांक देवाडिगा यांच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात सेनादलालाच नमविले, तेव्हा त्या विजयाचे मोल म्हणूनच अधिक मानले गेले. पुणेरी पलटणचे प्रशिक्षकपद भूषविलेले अनुप कुमार हरियाणा पोलीस दलात, तर अजय ठाकूर हिमाचल प्रदेश पोलीस दलात अधिकारी झाले. लीगचा प्रकाश त्यांच्यावर पडण्यापूर्वी आणि नंतरही ही दुसरी शिडी त्यांच्या पायाखाली होती. दौंडच्या तरुणाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रेल्वेचे आवार आणि राखीव पोलिसांचे कवायतीचे मैदान तो रोज पाहत असतो.

महाराष्ट्र शासनाने नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतील विहित कामगिरी आणि प्रमाणपत्राची पडताळणी आवश्यक असते. लिलावातील बोली तेथे कामी येत नाही. म्हणून जिल्हा आणि राज्य संघटनेच्या स्पर्धा, आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा यांना खेळाडूच्या आयुष्यात वेगळे स्थान आहे. लीगच्या झगमगाटात या स्पर्धा चाहत्याला दुय्यम वाटतात; खेळाडूसाठी मात्र त्या दुसऱ्या शिडीच्या पायऱ्या आहेत.

मुलींच्या बाबतीत हा भेद अधिक तीव्र होतो. २०१६ साली लीगने तीन संघांची महिलांची स्पर्धा घेतली. पण लीगकडून ती पुढे नियमितपणे सुरू राहिली नाही. २०२३ च्या आशियाई सुवर्णविजेत्या महिला संघात पुण्याची स्नेहल शिंदे आणि मुंबईची सोनाली शिंगटे या होत्या. त्यांच्या नावाची कोटीची बोली कोणी ऐकली नाही, म्हणून त्यांच्याविषयी एस.टी. स्थानकावर किंवा चहाच्या टपरीवर चर्चाही होत नाही. कर्तृत्वावरील चर्चा किमतीच्या मागे चालू लागली की काय हरवते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण देता येणार नाही. या मुलींसाठी नोकरीची शिडी ही दुसरी नसून बहुधा एकमेव असते.

६. महाविद्यालयाची भूमिका :

लीगचे हंगाम पाहता एक बाब अध्यापकांच्या लगेच लक्षात येईल. अकरावा हंगाम १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर २०२४ या काळात, तर बारावा २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर २०२५ या काळात झाला. हाच काळ पहिल्या सत्रातील अध्यापनाचा आणि परीक्षांचा असतो. लीगमध्ये निवडला गेलेला विद्यार्थी क्वचितच भेटेल. परंतु लीगच्या आशेने सरावशिबिरे, निवड-चाचण्या आणि खुल्या स्पर्धा यांच्या मागे असणारे विद्यार्थी प्रत्येक ग्रामीण महाविद्यालयात आहेत. त्यांची हजेरी कमी भरते, अंतर्गत मूल्यमापन राहून जाते आणि पदवी अर्धवट सुटते. पदवी सुटली की, पदवीची अट असलेल्या पदांपुरती नोकरीची शिडीही अपुरी पडते. अशा रीतीने पहिल्या शिडीच्या ओढीने दुसरी हातची जाते.

यावर उपाय म्हणून खेळ सोडण्याचा सल्ला देणे योग्य ठरणार नाही. खेळाडू विद्यार्थ्याची सत्राच्या प्रारंभीच स्वतंत्र नोंद ठेवणे, स्पर्धांच्या तारखा पाहून अंतर्गत मूल्यमापनाची पर्यायी तारीख देणे, प्रमाणपत्रे वेळेवर मिळवून ती जपण्याची सवय लावणे आणि आरक्षणाच्या नियमांची माहिती पहिल्याच वर्षी देणे, एवढ्या गोष्टी क्रीडाशिक्षक व वर्गशिक्षक मिळून करू शकतात. करार, विमा आणि दुखापतीनंतरचे पुनर्वसन यांविषयी वाणिज्य आणि शारीरिक शिक्षण विभागांनी एकत्र व्याख्याने ठेवल्यास ती केवळ खेळाडूंच्या नव्हे, सर्वच विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतील. लिलावातील खर्चमर्यादेचे वर दिलेले गणित अर्थशास्त्राच्या वर्गात टंचाई आणि निवड या संकल्पना शिकविताना सहज वापरता येईल.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, शिरूर-दौंड परिसरातील कबड्डी चाहत्यांची नव्या खेळाडूंविषयीची चर्चा ही गावच्या सामन्यांतील ‘बाहेरच्या खेळाडू’च्या वादाचीच विस्तारित आवृत्ती आहे. दुसरी, लिलावाच्या व्यवस्थेत संघबदल हा बहुतांशी संघाचा निर्णय असल्याने त्यावरून खेळाडूच्या निष्ठेचे मोजमाप करता येत नाही. तिसरी, महागड्या खेळाडूइतकेच नवोदित आणि स्वस्त खेळाडू संघाच्या यशाला कारणीभूत असतात. पुणेरी पलटणचे २०२४ चे विजेतेपद हे त्याचे उदाहरण होय. चौथी, ग्रामीण खेळाडूची महत्त्वाकांक्षा लीग आणि नोकरी या दोन शिड्यांवर एकाच वेळी उभी असते, आणि मुलींच्या वाट्याला त्यांतील बहुधा एकच येते.

चाहत्याने चर्चा करावी. तिच्यावाचून खेळ जगत नाही. मात्र त्या चर्चेत बोलीच्या आकड्याबरोबर खेळाडूचे वय, त्याचा गुडघा, त्याची पदवी आणि त्याची नोकरी यांनाही जागा मिळावी. यात्रेच्या मैदानावर बाहेरच्या खेळाडूला टाळी देणारा हाच प्रेक्षक, सामना संपल्यावर त्याला ‘पोरा, शिक्षण किती झालं?’ असेही विचारत आला आहे. तो प्रश्न महाविद्यालयानेही विचारत राहणे आणि त्याचे उत्तर पूर्ण व्हावे यासाठी साहाय्य करणे, हे शिरूर-दौंडसारख्या परिसरातील अध्यापकाच्या हाती निश्चितपणे आहे.